मुख्य वाक्य कोणाकडे

प्रियदर्शनीचा इंग्रजीचा क्लास अकोल्यात जठारपेठेत, एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर होता. माहेर बडनेऱ्याचं, वडील रेल्वेत होते. लग्न होऊन अकोल्याला आल्यावर काही वर्षं तिने शाळेत शिकवलं, मग स्वतःचा क्लास काढला. उन्हाळ्यात ती दहावीला जाणाऱ्या पोरांची फक्त व्याकरणाची बॅच घ्यायची. तिचा एकच नियम होता. पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही, उदाहरण स्वतःच्या घरातलं द्यायचं. घरातलं उदाहरण पोरं विसरत नाहीत, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

मे महिन्यात तिने अलंकारिक भाषेचा धडा घेतला. उपमा आणि रूपक झाल्यावर ती पर्सोनिफिकेशनवर आली. मराठीत तुम्ही चेतनगुणोक्ती शिकलात तोच हा अलंकार, तिने सांगितलं. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं आपण बोलतो, पण ती खरंच तसं वागत नसते, हे बोलणाऱ्याला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. मग उदाहरणं सुरू झाली. एकाच्या घरचा कूलर रात्रभर खोकत होता. एकीच्या वडिलांची मोटारसायकल सकाळी रुसून बसत होती. वर्ग हसत होता.

शेवटच्या बाकावरून करिश्मा उठली. ही पोरगी बार्शीटाकळीहून रोज काळीपिवळी जीपने यायची. वडील धर्मेंद्र वीज मंडळात लाईनमन, आई माया अंगणवाडी सेविका. पोरगी हुशार होती, पण विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे. ती इंग्रजीत म्हणाली, "अवर वॉल कॉल्स माय नेम." आमची भिंत माझं नाव घेते.

प्रियदर्शनी खूश झाली. तिने ते वाक्य फळ्यावर लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि असं उदाहरण हवं म्हणून सगळ्यांना सांगितलं. करिश्मा मात्र खाली बसली नाही. फळ्याकडे बघत थोडा वेळ तशीच उभी राहिली, जणू मॅडम आणखी काही विचारतील.

पुढच्या आठवड्यात फ्रेज आणि क्लॉज आले. फ्रेज म्हणजे नुसता शब्दसमूह, त्याला क्रियापद नसतं, त्यामुळे कुठे, कसं, कशाजवळ एवढंच कळतं, घडत काहीच नाही. पोरांनी 'झाडाखाली', 'बाजाराच्या दिवशी' असं काय काय सांगितलं. करिश्माने तीन फ्रेज सांगितल्या. बंद दाराच्या मागे. पाण्याच्या माठाजवळ. तिच्या डाव्या कुशीवर. तिन्ही बरोबर होत्या. तिसरीतली 'ती' कोण, असं एका पोराने हसत विचारलं. फ्रेजमध्ये ते कळायची गरज नसते, असं सांगून प्रियदर्शनी पुढे गेली.

क्लॉजला मात्र ती अडली. गौण वाक्य एकटं उभं राहू शकत नाही, त्याला मुख्य वाक्य लागतं, हे समजावून तिने प्रत्येकाला दोन्ही जोडून पूर्ण वाक्य करायला सांगितलं. करिश्मा म्हणाली, "व्हेन द वॉटर पॉट ब्रेक्स." जेव्हा माठ फुटेल.

"बरोबर. पुढे? तेव्हा काय होईल?"

करिश्माने नकारार्थी मान हलवली. प्रियदर्शनीने दुसरं सांग म्हटलं. तिने दुसरं सांगितलं, जर कोणी हाक दिली नाही. आणि तिसरं, जेव्हा दार उघडेल. तिन्हींना पुढचं अर्धं नव्हतं. पोरं हसू लागली तशी ती हळूच म्हणाली, "मॅडम, मले एवढंच आयकू येते."

क्लास सुटल्यावर प्रियदर्शनीने तिला थांबवून घेतलं. पोरगी घाबरलेली वाटत नव्हती. तिने जे सांगितलं ते असं. त्यांच्या घराची आणि शेजारच्या इंदूबाईच्या घराची मधली भिंत एकच आहे. त्या भिंतीला लागून तिचा पलंग. दुपारी आई अंगणवाडीच्या मीटिंगला आणि वडील ड्युटीवर गेले की भिंतीतून कोणीतरी तिचं नाव घेतं. बाईचा आवाज की माणसाचा ते कळत नाही. आधी नुसतं नाव यायचं. मग तुटक शब्द येऊ लागले. आता अर्धं वाक्य येतं, आपल्याच बोलीत, आणि तिथेच थांबतं. ती इथे त्याचं इंग्रजी करून सांगत होती. वर्गात मॅडमनी पर्सोनिफिकेशन समजावलं तेव्हा तिला वाटलं, याला पुस्तकात नाव आहे म्हणजे हे आणखीही लोकांना होत असेल.

"इंदूबाई राहतात ना शेजारी? त्याच बोलत असतील," प्रियदर्शनी म्हणाली.

इंदूबाई अमरावतीला पोराकडे गेली होती. होळीपासून घराला कुलूप होतं.

प्रियदर्शनीने तिला पाणी दिलं, बराच वेळ समजावलं. ऊन फार आहे, दुपारी एकटी असतेस, अभ्यासाचं डोक्यात घोळत राहतं. भिंत बोलत नसते, आपणच आपल्याशी बोलत असतो, म्हणून तर त्याला अलंकार म्हणायचं. करिश्माने मान हलवली. दप्तर खांद्याला लावल्यावर तिने विचारलं, "मॅडम, मुख्य वाक्य नेहमी मांगूनच येते का?"

तसं काही नसतं, प्रियदर्शनीने सांगितलं. कधी आधी येतं, कधी नंतर. पण असावं लागतं.

"म्हणजे ते कोणाकडं तरी असनच."

हे तिने अगदी सहज म्हटलं आणि ती जिना उतरून गेली. संध्याकाळी प्रियदर्शनीने मायाला फोन केला. मायाला सगळं माहीत होतं. पोरीने आईला सांगितलं होतं आणि आईने कान लावून पाहिलाही होता. काहीच नव्हतं. उंदीर असतील, नाही तर दहावीचं टेन्शन, असं माया म्हणाली, आणि मॅडम, पोरांसमोर यावरून तिले हसू नका, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

त्यानंतर काही दिवस करिश्मा नीट येत होती. उदाहरणं इतर पोरांसारखीच देत होती, झाडाची, बसची, परीक्षेची. प्रियदर्शनीला बरं वाटलं. मग एके दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. दुपारी मायाचाच फोन आला. तिचा आवाज उतरला होता. करिश्मा कालपासून भिंतीपासून हटत नव्हती. तिकडे माठ फुटला म्हणत होती. धर्मेंद्र जाऊन बघून आला, समोरचं कुलूप जसंच्या तसं होतं, त्यावर धूळही तशीच.

"पोरगी म्हणते मॅडमले बोलवा," माया म्हणाली. "मी काय करू, मले समजून नाही राहिलं."

प्रियदर्शनीने बॅच लवकर सोडली आणि तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटी काढली. बार्शीटाकळीपर्यंत रस्त्यावर माणूस नव्हतं. शेतं नांगरून उघडी पडली होती, काळ्या मातीला पडलेल्या भेगा रस्त्यावरूनही दिसत होत्या. गावात पोचली तेव्हा सगळी दारं लागलेली, फक्त कूलरचे आवाज.

करिश्मा पलंगावर बसली होती, एक तळहात भिंतीवर टेकलेला. डोळे जागून लाल झालेले. मॅडमना बघून ती बाजूला सरकली आणि जागा करून दिली. माया आणि धर्मेंद्र दारात उभे होते. प्रियदर्शनीला स्वतःचीच लाज वाटली, तरी ती वाकली आणि तिने भिंतीला कान लावला.

भिंत गार होती. आधी काहीच नव्हतं, मग कूलरची घरघर भिंतीतून येतेय असं वाटलं. तिने धर्मेंद्रला कूलर बंद करायला सांगितला. मग तिला ऐकू आलं. शब्द नव्हता. बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस श्वास आत घेतो, तेवढंच होतं. श्वास आत घेतला गेला आणि बोलणं आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. वर्गात उत्तर येत असूनही न बोलणाऱ्या पोराचा असा श्वास ती रोज ऐकत होती.

"मागचं दार बघितलं का?" तिने विचारलं.

धर्मेंद्रने बघितलं नव्हतं. दुसऱ्याच्या बंद घरात मागून शिरलो तर उद्या नाव आपलंच येईल, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. प्रियदर्शनी म्हणाली, "नाव माझं सांगा." मग तो निघाला. दोन घरांच्या मागे अरुंद सांदी होती. इंदूबाईचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. धर्मेंद्रने ते ढकललं आणि आतून त्याने मायाला मारलेली हाक प्रियदर्शनीला भिंतीतून नाही, उघड्या सांदीतून ऐकू आली.

स्वयंपाकघरात इंदूबाई पडली होती. डाव्या कुशीवर, माठाजवळ. माठ फुटून त्याची खापरं तिच्या हाताभोवती पसरली होती. पिशवी अजून दाराशीच होती, त्यात अमरावतीचं एसटीचं तिकीट. डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि ती काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती, पण श्वासाशिवाय काही बाहेर येत नव्हतं. एकशे आठची गाडी आली. धर्मेंद्र तिच्यासोबत अकोल्याला गेला. निघताना त्याने मागचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कोयंड्याला तार गुंडाळली, हे प्रियदर्शनीने स्वतः पाहिलं.

मेंदूत रक्ताची गाठ होती. वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. आणखी एक दिवस गेला असता तर बाई हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी पोराला सांगितलं. पोरगा श्रावण अमरावतीच्या साईनगरात राहायचा. तो धर्मेंद्रच्या हाताला धरून रडला. आई सकाळी कोणाला न सांगता घरातून निघून गेली होती, आणि ती नातेवाइकाकडे गेली असेल म्हणून ते तिकडे शोधत बसले होते. समोरच्या कुलपाची किल्ली तिने नेलीच नव्हती. मागच्या दाराची कडी बाहेरून हात घालून काढता येते, हे फक्त तिलाच माहीत होतं.

गावात करिश्माचं फार कौतुक झालं. भिंतीतून म्हातारीची हाक ऐकली, पोरीचे कान तिखट, असं लोक म्हणू लागले. त्यांना सगळं सरळ दिसत होतं. प्रियदर्शनीला तसं दिसत नव्हतं. माठाजवळ, डाव्या कुशीवर, माठ फुटेल, हे सगळं करिश्माने वर्गात सांगितलं तेव्हा इंदूबाई अमरावतीला होती. घर रिकामं होतं. आणि त्या उदाहरणांना बरोबर म्हणून ती पुढचा धडा शिकवायला लागली होती. तिने हे बाहेर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगायला गेली, तर तो योगायोग म्हणाला, आणि तिलाही तसंच म्हणावंसं वाटलं.

पाऊस लागला, शाळा सुरू झाल्या. इंदूबाईची वाचा हळूहळू परत येत होती. प्रियदर्शनी बडनेऱ्याला माहेरी गेली तेव्हा तिथून रिक्षाने साईनगरला जाऊन आली. इंदूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, उजवा हात मांडीवर मांडून ठेवल्यासारखा. सून चहा देऊन आत गेली. इंदूबाईने प्रियदर्शनीला ओळखलं नव्हतं, पण करिश्माची मॅडम म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला.

प्रियदर्शनीने तिला विचारलं, अशा उन्हात तुम्ही एकट्या गावाले का गेल्या?

इंदूबाई थांबत थांबत बोलत होती. एकेक शब्द शोधून आणावा लागत होता. इथे स्वयंपाकघराच्या भिंतीतून आवाज यायचा, ती म्हणाली. श्रावण म्हणायचा लिफ्टचा आहे. पण लिफ्ट तिचं नाव कशाला घेईल. नंतर नंतर तो बोलू लागला. अर्धंच बोलायचा.

"सुरुवातीचं आयकू ये नाही. मांगचंच ये."

"काय म्हणायचा?"

इंदूबाईने डोळे मिटले. "तवा तू घरी अशीन." मग बऱ्याच वेळाने, "तं कोणालेच समजनार नाही." ते ऐकून ऐकून तिला वाटलं की घरी आपलं कोणीतरी वाट बघून राहिलं. म्हणून ती गेली.

प्रियदर्शनी कपाला हात लावून बसली होती. जोडणं तिच्या इतक्या सवयीचं होतं की तिने ठरवायच्या आधीच ते जुळून गेलं. जेव्हा माठ फुटेल, तेव्हा तू घरी असशील. जर कोणी हाक दिली नाही, तर कोणालाच समजणार नाही. वर्गात ती पोरांना दोन रकाने द्यायची आणि जोड्या लावायला सांगायची. हे तसंच होतं, फक्त एक रकाना बार्शीटाकळीत होता आणि एक इथे. हा आवाज म्हातारीला पडायला घेऊन गेला की वाचवायला, तेही तिला ठरवता येईना.

"आणखी काही म्हणायचा?"

"एक होतं," इंदूबाई म्हणाली. "तवा एक जण आत राहीन."

सून चहाची बशी घ्यायला बाहेर आली आणि बोलणं तिथेच थांबलं. करिश्माचं तिसरं वाक्य कोणतं होतं ते प्रियदर्शनीला आठवत होतं. जेव्हा दार उघडेल. दार उघडलं तेव्हा आत इंदूबाई एकटीच होती आणि तिला बाहेर काढलं होतं. आत कोणीच राहिलं नव्हतं.

जिन्यात श्रावण भेटला. तो तिला खालपर्यंत सोडायला आला. फाटकाशी उभं राहून त्याने चाचरत एक गोष्ट विचारली. आईला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो तिचे कपडे आणायला गावी गेला होता. समोरचं कुलूप किल्लीने उघडून आत गेला. मागच्या दाराला बाहेरून तार होती, पण आतून कडीही लावलेली होती. घरात कोणी नव्हतं, काही गेलंही नव्हतं. माठाची खापरं कोणीतरी झाडून एका कोपऱ्यात नीट गोळा करून ठेवली होती.

"तुमच्यापैकी कोणी मांगून गेलं होतं का, मॅडम?"

ती हो म्हणाली. म्हणाली, मीच झाडलं. कडीचं तिला काही सांगता येईना, आणि श्रावणनेही मग ते पुन्हा विचारलं नाही. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटलं नाही. त्याचा चेहरा मोकळा झाला होता आणि आईला तो यातलं काही सांगणार नव्हता, तेवढं तिला पुरे होतं.

करिश्माला तिने दुसरं अर्धं कधीच सांगितलं नाही. पण मायाशी बोलून तिचा पलंग त्या खोलीतून हलवायला लावला. धर्मेंद्रने तो समोरच्या खोलीत आणला. श्रावणने घर विकायला काढलं. दोन गिऱ्हाइकं येऊन बघून गेली, पुन्हा फिरकली नाहीत. कारण कोणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी प्रियदर्शनी बार्शीटाकळीला एका शाळेत व्याख्यानाला गेली होती, तेव्हा परतताना त्यांच्या घरी थांबली. माया ओट्यावर तूर निवडत बसली होती. आत जा म्हणाली, करिश्मा वाचत आहे. समोरच्या खोलीत पलंग रिकामा होता. आवाज मागच्या, पलंग पूर्वी होता त्या खोलीतून येत होता.

करिश्मा जमिनीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर इंग्रजीचं पुस्तक होतं. ती एक वाक्य वाचत होती, सावकाश, आधी गौण, मग थांबून मुख्य. मग तेच वाक्य मराठीत सांगत होती. थोडा वेळ गप्प राहून पुन्हा तेच. लहान पोराला शिकवताना प्रियदर्शनी स्वतः थांबायची, तेवढंच ती थांबत होती.

"अजून ऐकू येतं का?" प्रियदर्शनीने दारातूनच विचारलं.

करिश्माने मागे वळून पाहिलं. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. "आता काई नाही म्हणत ते," ती म्हणाली. "एकटं हाय ना आत. मीच बोलते."

प्रियदर्शनीने तिला उठवायला हवं होतं. हात धरून बाहेर ओट्यावर आणायला हवं होतं. ती दारात उभी राहिली. करिश्मा पुन्हा भिंतीकडे वळली आणि पुढचं वाक्य वाचू लागली. उच्चार स्वच्छ होते, कुठे अडत नव्हती. वाक्याच्या मधे ती थांबली. ते थांबणं लांबलं, नेहमीपेक्षा थोडं जास्तच, आणि बरोबर उत्तर मिळाल्यासारखी करिश्माने समाधानाने मान हलवली, मग पान उलटलं.

बाहेर मायाने चहा घेऊन जा म्हटलं. उशीर होतो म्हणून प्रियदर्शनी निघाली. स्कूटी सुरू करताना तिने इंदूबाईच्या दाराकडे पाहिलं नाही.